वादविवाद स्पर्धा: सिद्धान्त, डावपेच आणि हेतू यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वादविवाद स्पर्धांचे परीक्षण आणि मार्गदर्शन करताना विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि नव्याने परीक्षक झालेली मंडळी काही प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. ते येथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन प्रश्नांची हद्द एकमेकींना लागते, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच घेतले आहे: ‘हे सभागृह मतदान सक्तीचे करील’ हा ठराव.

१. चांगले वक्तृत्व असेल तर वादविवादही जमेलच ना?

वक्तृत्वात वक्ता असतो आणि श्रोते असतात. वादविवादात आणखी एक जण असतो, आणि आपले म्हणणे खोडून काढण्याची तयारी करूनच तो आलेला असतो. म्हणून परीक्षक मुद्दा किती सुरेख मांडला याआधी, समोरून आलेल्या हरकतीनंतर त्यातले किती शिल्लक राहिले, हे पाहतो. वक्तृत्व स्पर्धांत मुरलेले विद्यार्थी सुरुवातीला बहुधा एकाच ठिकाणी अडतात: समोरचा काय बोलला याची दखल न घेता ते तयार भाषण तसेच पुढे म्हणतात. वादाचे नियम सांगणाऱ्या प्राचीन भारतीय न्यायशास्त्राने पराभवाच्या ज्या २२ जागा, म्हणजे निग्रहस्थाने, मोजली आहेत, त्यांत ‘अननुभाषण’ हे एक आहे; सभेला समजलेले आणि तीनदा सांगितलेले प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्याला पुन्हा उच्चारता न येणे, असा त्याचा अर्थ. समोरच्याचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत सांगता येणे हीच आजही खंडनाची पहिली पायरी आहे.

२. स्पर्धांचे इतके प्रकार का आहेत? मी कोणता निवडावा?

प्रत्येक प्रकार वेगळ्या गुणाला महत्त्व देतो. ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत प्रत्येकी दोन वक्त्यांचे चार संघ असतात, ठराव जाहीर झाल्यावर तयारीसाठी १५ मिनिटे मिळतात, प्रत्येक भाषण सात मिनिटांचे असते आणि संघांना क्रमाने ३, २, १ व ० गुण मिळतात. १९८१ साली ग्लासगो येथे सुरू झालेली जागतिक विद्यापीठ स्पर्धा याच पद्धतीने होते. शालेय जागतिक स्पर्धेत तीन वक्ते आठ-आठ मिनिटे बोलतात आणि शेवटी चार मिनिटांचे समारोपाचे भाषण असते. अमेरिकेतील पॉलिसी डिबेटमध्ये मात्र एकच ठराव वर्षभर चालतो, त्यामुळे तेथे संशोधनाला आणि छापील पुराव्याला फार महत्त्व आहे. ज्याला झटपट विचार करायला शिकायचे आहे त्याने पहिल्याकडे वळावे आणि ज्याला एखादा विषय तळापर्यंत खणायचा आहे त्याने तिसऱ्याकडे.

३. ‘थिअरी’ म्हणजे काय? तो विषयाबाहेरचा मुद्दा नव्हे का?

मतदान सक्तीचे असावे की नसावे हा विषयावरचा वाद झाला. या वादात कोणाला काय बोलण्याची मुभा आहे, कोणी काय सिद्ध करायचे आहे आणि कोणती चाल खेळाबाहेरची आहे, याविषयीचा वाद म्हणजे थिअरी. ठरावातील शब्दांचा अर्थ, सिद्धतेचा भार, पर्यायी योजनांच्या मर्यादा हे सारे प्रश्न तिच्यात येतात. विद्यार्थ्यांना हे नियम वरून लादलेले वाटतात. प्रत्यक्षात बहुतेक नियम एकाच गरजेतून निघाले आहेत: एका बाजूने मांडलेल्या मुद्द्याला दुसऱ्या बाजूला उत्तर देता आले पाहिजे. ज्या नियमाचे या गरजेशी नाते सांगता येत नाही, तो नियम परीक्षकाने मला दाखवला तर मी त्याच्याकडे संशयाने पाहतो. पुढील बहुतेक उत्तरे याच कसोटीवर दिलेली आहेत.

४. न पटणारी बाजू हिरिरीने मांडणे हा खोटेपणा नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे, आणि तो विचारणारा विद्यार्थी बहुधा प्रामाणिक असतो, म्हणून त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

हा वाद जुना आहे. १९५४-५५ या वर्षी अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांचा ठराव चीनच्या साम्यवादी सरकारला राजनैतिक मान्यता देण्याविषयीचा होता. त्या काळच्या वातावरणात मान्यतेच्या बाजूने बोलणे म्हणजे देशविरोधी बोलणे, असे अनेकांना वाटले, आणि अमेरिकेच्या लष्करी व नौदल अकादमींनी आपल्या विद्यार्थ्यांना त्या ठरावावर बोलू दिले नाही. तेव्हा विरोधकांमध्ये केवळ राजकीय धास्ती नव्हती. वक्त्याने सार्वजनिक व्यासपीठावर स्वतःच्या मतांपेक्षा वेगळे बोलू नये, अशी नैतिक भूमिका घेणारे शिक्षकही होते.

माझे मत त्यांच्या विरुद्ध आहे, पण एका अटीवर. खोटे बोलण्यात ऐकणाऱ्याची फसवणूक असते. स्पर्धेत बाजू कशी ठरली हे सभागृहातील प्रत्येकाला माहीत असते, त्यामुळे ‘हे माझे वैयक्तिक मत आहे’ असा दावा वक्ता करतच नाही. ऑक्सफर्ड युनियनमध्ये ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ‘राजा आणि देश यांच्यासाठी आम्ही कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही’ हा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत झाला, तेव्हा लोकांनी त्यातून तरुणांचे खरे मत वाचले, कारण तेथे सभासद स्वतः मत देत होते. स्पर्धेतील निकाल असा वाचता येत नाही; तो फक्त त्या दिवशी कोणत्या बाजूचा युक्तिवाद टिकला एवढेच सांगतो.

अट अशी की जो आपल्या बाजूने बोलला, त्याला पुढच्याच फेरीत विरुद्ध बाजूने बोलावे लागले पाहिजे. आपल्या मताला सर्वांत बळकट हरकत कोणती, हे शोधण्याची सक्ती आयुष्यात फार कमी ठिकाणी होते. वर्षानुवर्षे एकच बाजू घेऊन जिंकत राहणाऱ्या विद्यार्थ्याबाबत मात्र प्रश्नातील शंका खरी ठरण्याचा धोका आहे. ज्या ठरावात एखाद्या समूहाच्या माणूसपणावरच प्रश्नचिन्ह लावावे लागते, तो ठराव निवडणे ही आयोजकांची चूक असते. तिचे ओझे वक्त्यावर टाकू नये.

५. सिद्धतेचा भार कोणावर असतो?

बदल सुचवणाऱ्यावर. चालू व्यवस्थेच्या बाजूने गृहीत धरण्याची ही कल्पना रिचर्ड व्हेटली या विचारवंताने १८२८ साली वक्तृत्वशास्त्रात नीट मांडली, आणि वादविवादाच्या सिद्धान्तात ती तेथूनच रुजली. व्यवस्था चांगलीच आहे असे हे गृहीत म्हणत नाही. ती बदलायची तर कारण द्या, एवढीच तिची मागणी आहे.

भार किती, हा खरा कळीचा प्रश्न. ऑस्ट्रेलियाने १९२४ साली संघराज्याच्या निवडणुकांत मतदान सक्तीचे केले. १९२२ मध्ये ६० टक्क्यांहून कमी असलेले मतदान १९२५ मध्ये ९१ टक्क्यांवर गेले. पक्षाचे, म्हणजे ठरावाच्या बाजूचे, वक्ते हा आकडा सांगतात आणि खाली बसतात. सक्तीने मतदान वाढते एवढेच त्याने सिद्ध झाले, आणि ते प्रतिपक्ष बहुधा नाकारतही नाही. वाढलेल्या मतदानामुळे सरकार कोणाकडे अधिक लक्ष देते, ते का देते, आणि त्या लाभासाठी नागरिकाचा न जाण्याचा हक्क काढून घेणे योग्य का, या तीन पायऱ्या अजून चढायच्या राहतात. हातात पक्का आकडा असला की या पायऱ्या दिसेनाशा होतात, असा माझा अनुभव आहे.

६. ठरावातील शब्दांचा अर्थ पक्षाने आपल्या सोयीचा लावला तर?

वात्स्यायनाच्या न्यायभाष्यातील, म्हणजे न्यायसूत्रांवरील भाष्यातील, ‘नवकंबल’ हे उदाहरण येथे आठवावे. नवे कांबळे पांघरलेल्या मुलाला कोणी ‘हा नवकंबल आहे’ म्हणाला, तर दुसरा हरकत घेतो की याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत, एकच तर आहे. ‘नव’ शब्दाचे दोन्ही अर्थ खरे असल्याने ही हरकत व्याकरणाला धरून आहे, तरीही ती वाक्छल ठरते, कारण बोलणाऱ्याचा अभिप्रेत अर्थ संदर्भावरून उघड होता.

ठरावालाही हीच कसोटी लावावी: तो वाचून सुजाण माणसाला जो वाद अपेक्षित असेल, तो वाद या व्याख्येने उरतो का? ‘मतदान सक्तीचे करील’ याचा अर्थ ‘एखाद्या मंडळाच्या पदाधिकारी निवडीत’ असा लावला, तर प्रतिपक्षाने तयारीच्या १५ मिनिटांत केलेला सारा विचार निरुपयोगी होतो. व्याख्या अरुंद असणे हा दोष नव्हे. प्रतिपक्षाला बोलण्याजोगी जागाच न ठेवणे हा दोष आहे. ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत व्याख्येवरील आक्षेप प्रतिपक्षाच्या पहिल्या वक्त्यानेच घ्यायचा असतो. नंतरच्या वक्त्याने तो उकरून काढला तर परीक्षक त्याला विचारात घेत नाही.

७. प्रतिपक्षाने फक्त खोडून काढले आणि स्वतःचे काहीच मांडले नाही तर चालते का?

नियमाने चालते, कारण भार पक्षावर आहे (पाहा प्रश्न ५). स्वतःची भूमिका न घेता केवळ समोरच्याची पाडणे याला न्यायसूत्रे ‘वितंडा’ म्हणतात, आणि मराठीत वितंडवाद हा शब्द निंदेचाच झाला आहे. पण तीच सूत्रे जल्प (जिंकण्यासाठी केलेला वाद) आणि वितंडा यांना एक काम देतात: कोवळ्या अंकुराचे रक्षण करण्यासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसे तत्त्वनिश्चयाचे रक्षण करणे. म्हणजे पाडापाडीलाही स्थान आहे, मात्र कुंपणाच्या आत जपण्यासारखे काही असले पाहिजे.

डावपेच म्हणून पाहिले तरी केवळ खंडन धोक्याचे असते. पक्षाच्या योजनेतून थोडासाही लाभ होतो असे परीक्षकाला वाटले आणि तिच्यामुळे काय बिघडते हे कोणी सांगितलेच नाही, तर तो थोडासा लाभही पुरतो. मतदान सक्तीचे करण्याऐवजी मतदानाच्या दिवशी सुटी द्यावी आणि केंद्रे वाढवावीत, अशी पर्यायी योजना मांडली तर पक्षाला ‘मग सक्तीच का?’ या प्रश्नाला थेट सामोरे जावे लागते. पर्याय मांडताना एकच पथ्य पाळावे: पर्याय आणि मूळ योजना दोन्ही एकत्र राबवता येत असतील, तर पर्यायाने ठरावाचे खंडन होत नाही. सुटी आणि सक्ती या उघडच एकत्र राहू शकतात. त्यामुळे सुटी दिल्यावर सक्तीची गरज उरत नाही आणि सक्तीने होणारे नुकसान मात्र टळते, हे वेगळे दाखवावे लागते.

८. प्रतिस्पर्ध्याने अन्याय्य चाल खेळली, असा आक्षेप कधी घ्यावा आणि कसा?

आक्षेपाचे चार भाग असतात: नियम काय असायला हवा, तो नेमका कोठे मोडला, मोडल्यामुळे वादाचे काय बिघडले, आणि म्हणून परीक्षकाने काय करावे. तिसरा भाग बहुतेक जण गाळतात. ‘हे अन्याय्य आहे’ असे चढ्या आवाजात म्हणणे म्हणजे तिसरा भाग नव्हे.

उदाहरणार्थ, प्रतिपक्षाचा पहिला वक्ता म्हणतो, ‘सर्वांनी मत द्यावे, पण सुटी देऊन’; दुसरा म्हणतो, ‘कमी लोकांनी मत दिले तरच लोकशाही चांगली चालते.’ अमेरिकी पद्धतीत अशा परस्परविरोधी भूमिका एकाच वेळी, हव्या तेव्हा सोडून देण्याच्या तयारीने, मांडाव्यात की नाही यावर पुष्कळ वाद झालेला आहे. समर्थक म्हणतात की अनेक बाजूंनी विचार तपासणे शिक्षणाला पोषक आहे. विरोधक म्हणतात की एका भूमिकेला दिलेले उत्तर दुसऱ्या भूमिकेचे समर्थन ठरते, आणि मग पक्षाने तोंड उघडणेच धोक्याचे होते. मला दुसरी बाजू पटते, विशेषतः भूमिका तीन-चार झाल्या की.

कसोटी अशी ठेवावी: त्या चालीमुळे उत्तर देणे अशक्य झाले, की केवळ अवघड झाले? अवघड होणे हाच तर खेळ आहे. न्यायशास्त्राने येथे दोन्ही बाजूंना बांधून घातले आहे. प्रतिस्पर्धी निग्रहस्थानात सापडला असताना ते न दाखवणे हे ‘पर्यनुयोज्योपेक्षण’, आणि तो सापडला नसताना सापडला असे म्हणणे हे ‘निरनुयोज्यानुयोग’; दोन्हींत पराभव ही चूक करणाऱ्याचाच. विषयावर बोलण्यासारखे काही नाही म्हणून नियमभंगाचे आरोप करत सुटणाऱ्या संघांना मी हे दुसरे नाव अनेकदा सांगितले आहे.

९. दोन्ही बाजूंचे मुद्दे टिकले तर निकाल कसा लागतो?

तुलनेने, आणि ती तुलना वक्त्याने करून द्यायची असते. बहुतेक सामने शेवटी येथेच ठरतात, आणि विद्यार्थ्यांची सर्वांत कमी तयारीही येथेच असते. पक्षाने सिद्ध केले की सक्तीमुळे गरीब वस्त्यांकडे राजकारण्यांचे लक्ष वळते. प्रतिपक्षाने सिद्ध केले की मत न देणे हीही एक राजकीय अभिव्यक्ती आहे आणि सक्ती ती हिरावते. आता परीक्षकाने काय करावे? त्याला कोणी काही सांगितले नसेल तर तो स्वतःच्या मनाच्या कलाने ठरवील, आणि मग हरलेला संघ तक्रार करील.

व्याप्ती, तीव्रता, शक्यता आणि नुकसान भरून येण्याजोगे आहे का, ही मापे सर्वांना माहीत असतात. पण ‘आमचा परिणाम अधिक लोकांवर होतो’ असे म्हणून वक्ता थांबतो, आणि अधिक लोकांवरचा सौम्य परिणाम थोड्यांवरच्या तीव्र परिणामापेक्षा येथे महत्त्वाचा का, हे सांगत नाही. मापाचे कारण द्यावे लागते. पक्ष असे म्हणू शकतो: कोरी मतपत्रिका टाकण्याची मुभा असेल तर नकाराची अभिव्यक्ती पूर्ण नष्ट होत नाही, तिचे रूप बदलते, दुर्लक्षित वस्तीला मात्र आवाज मिळवण्याचा दुसरा मार्ग नाही. येथे दोन्ही लाभ एकाच तराजूत आले.

चांगला वक्ता यापुढे एक पाऊल जातो. ‘आमचा हा मुद्दा तुम्हाला पटला नाही असे धरले, तरीही...’ अशी सुरुवात करून तो हरलेल्या परिस्थितीतही जिंकण्याची वाट दाखवतो. असे बोलायला धैर्य लागते, कारण आपला लाडका मुद्दा पडू शकतो हे त्यात मान्य करावे लागते.

१०. समोरच्याने आमच्या मुद्द्याला उत्तरच दिले नाही. मग तो सिद्ध झाला का?

मुद्दा मुळात पुरेशा कारणांसह मांडला असेल तर झाला. कारणाविना केलेले विधान अनुत्तरित राहिले तरी ते विधानच राहते. शिवाय अनुत्तरित मुद्द्याचे वजन किती हे वेगळे सांगावे लागते (पाहा प्रश्न ९). पाच किरकोळ मुद्दे अनुत्तरित राहूनही संघ एका मोठ्या मुद्द्यावर हरू शकतो.

११. वेगाने बोलून जास्त मुद्दे मांडावेत का?

अमेरिकी पॉलिसी डिबेटमध्ये मिनिटाला ३०० हून अधिक शब्द बोलणारे वक्ते असतात. तेथे परीक्षक आणि प्रतिस्पर्धी दोघेही त्या वेगाला सरावलेले असतात, म्हणून ते चालते. पण सामान्य श्रोत्याला काही कळेनासे झाले हेही खरे, आणि अशा श्रोत्यांनाही समजावा असा पब्लिक फोरम हा प्रकार तेथे २००२ साली सुरू झाला.

न्यायशास्त्रात ‘अविज्ञातार्थ’ हे निग्रहस्थान आहे: तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला न कळणारे बोलणे. भाष्यकाराने त्याच्या कारणांत अतिशीघ्र उच्चार स्पष्टपणे गणला आहे. त्यात ‘सभेला आणि प्रतिवाद्याला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वेग किती असावा हे ऐकणाऱ्यावरून ठरते. प्रतिस्पर्ध्याने ‘जरा सावकाश’ म्हटल्यावरही वेग कमी न करणाऱ्या वक्त्याला मी गुणांत माफ करत नाही.

१२. चार संघांच्या पद्धतीत आमच्याच बाजूच्या पहिल्या संघाचा मुद्दा चुकीचा असेल तर तो खोडावा का?

खोडू नये. आपल्याच बाजूला उघड छेद देणे हा या पद्धतीत गंभीर दोष मानला जातो, कारण विरोधकांना एकाच बाजूच्या दोन विसंगत भूमिकांशी लढावे लागते. पहिल्या संघाच्या कच्च्या मुद्द्याचा उल्लेख टाळून स्वतंत्र, अधिक बळकट कारण द्यावे. अपवाद एकच: पहिल्या संघाने ठरावाची बाजूच सोडून दिली असेल, तर तेवढ्यापुरते वेगळे होणे परीक्षक समजून घेतात.

१३. वक्त्याने धडधडीत चुकीची माहिती दिली आणि प्रतिस्पर्ध्याने ती खोडली नाही, तर परीक्षकाने काय करावे?

परीक्षकाने स्वतःला सर्वसाधारण, सुबुद्ध, वर्तमानपत्र वाचणारा नागरिक समजावे. अशा नागरिकाला जे खोटे असल्याचे सहज कळेल, त्यावर विश्वास ठेवण्याचे बंधन परीक्षकावर नाही. पण तो त्या विषयाचा तज्ज्ञ असेल आणि चूक केवळ तज्ज्ञालाच कळणारी असेल, तर त्याने आपले ज्ञान बाजूला ठेवावे. अन्यथा वक्त्याला न उच्चारलेल्या हरकतीमुळे हरावे लागते आणि तिला उत्तर देण्याची संधी मिळतच नाही. चूक काय होती ते निकालानंतर वक्त्याला जरूर सांगावे.

१४. एखाद्या संघाने ठरावावर न बोलता स्पर्धेच्या रचनेवरच टीका केली तर ते ग्राह्य धरावे का?

अमेरिकी विद्यापीठीय वर्तुळात असे युक्तिवाद दीर्घकाळ चालत आले आहेत: ठरावामागची गृहीतके, त्यातील भाषा किंवा या स्पर्धेतून कोण वगळले जाते, यांवरच ते बोट ठेवतात. २०१३ साली एम्पोरिया स्टेट विद्यापीठाच्या संघाने वर्णभेद आणि समावेशाचा प्रश्न याच रीतीने मांडत तेथील एनडीटी आणि सीडा या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. आधी कोणत्याही संघाने हे केले नव्हते. त्यावर टीका झाली, आणि स्वागतही झाले.

या प्रश्नावर माझे मत पूर्ण स्थिर नाही. रचनेवरची टीका कधी कधी सभागृहातील सर्वांत खरी गोष्ट असते, आणि ‘विषयावर बोला’ असे म्हणून तिला गप्प करणे सोपे असते. दुसरीकडे, समोरच्या संघाला ज्यावर तयारी करण्याची संधीच नव्हती अशा विषयावर हरवणे हे प्रश्न ६ मधील व्याख्येच्या चालीसारखेच आहे. सध्या मी परीक्षण करताना एवढे पाहतो की टीका करणाऱ्याने समोरच्याला असहमत होण्याची वाट मोकळी ठेवली आहे का. ‘माझ्याशी असहमत होणे हाच तुमच्या अन्यायाचा पुरावा’ अशा बांधणीचा युक्तिवाद, कितीही तळमळीचा असला तरी, वाद संपवतो.

१५. माझा युक्तिवाद कच्चा आहे हे मला ठाऊक आहे, पण समोरच्याच्या ते लक्षात येणार नाही. वापरावा का?

कच्चा युक्तिवाद आणि खोटा पुरावा यांत फरक करावा. कच्चा युक्तिवाद सर्वांसमोर उघडा असतो. त्यातील भोक शोधणे हे प्रतिस्पर्ध्याचे काम आहे आणि तेवढी साधने त्याच्याजवळ आहेत. तो वापरणे मला गैर वाटत नाही, मात्र सामना संपल्यावर त्याला ते भोक दाखवून द्यावे. पुराव्याचे तसे नाही. उद्धृत केलेल्या परिच्छेदातील ‘परंतु’ नंतरचे वाक्य गाळले, किंवा एका देशाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर खपवला, तर मूळ कागद समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला ते पकडणे शक्यच नसते. अशा वेळी त्या मुद्द्यापुरते गुण कापून थांबू नये, सामना त्या संघाच्या विरुद्ध द्यावा. आणि चूक अजाणता झाली असेल तर, लक्षात येताच, आपल्या पुढच्या भाषणाच्या पहिल्या वाक्यात ती मागे घ्यावी.